चौकट आणि तबकडी

काही काळापूर्वी आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जागेच्या अडचणीमुळे निर्लेखनाची यादी तयार झाली. त्या यादीत दोन नोंदी एकाखाली एक होत्या : जुन्या वृत्तपत्रांचे बांधीव खंड आणि संगीत मंडळाच्या कपाटातील ग्रामोफोन ध्वनिमुद्रिका. कारणाच्या रकान्यात दोहोंपुढे एकच शेरा होता : ‘आशय अन्यत्र उपलब्ध’. बातम्या स्कॅन झालेल्या आहेत आणि गाणी भ्रमणध्वनीवर ऐकता येतात. मग ही धूळ कशासाठी सांभाळायची, असा त्यामागचा सरळ विचार होता. आम्ही त्या वेळी विरोध केला, पण तो भावनेच्या भरात. ‘आशय अन्यत्र उपलब्ध’ या तीन शब्दांना नेमके उत्तर आमच्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

त्या दोन नोंदींतील दोन गोष्टींशी आमच्या पिढीचे नाते बालपणापासूनचे आहे. सकाळी वृत्तपत्र हाती आले की अग्रलेखाच्या आधी आपण कोणते पान उघडत होतो, हे आमच्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. ‘सकाळ’मध्ये १९९१ साली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ सुरू झाला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. आणि रविवारी वडीलधाऱ्यांपैकी कुणी तरी तबकडी दोन्ही तळव्यांमध्ये कडेने धरून, फुंकर घालून, यंत्रावर ठेवीत असे, तेव्हा घरात बोलायची बंदी असे. एक कला वाचून झाल्यावर रद्दीत जाण्यासाठी छापलेली, तर दुसरी प्रत्येक वादनागणिक झिजणारी. या दोन्ही कलांचा आस्वाद त्यांच्या वाहकापासून, म्हणजे कागदाच्या पट्टीपासून आणि तबकडीच्या खाचेपासून, वेगळा काढता येतो का, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

तीन मिनिटांचा राग

प्रथम तबकडीचा विचार करू. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग यांनी कोलकात्यात भारतातील पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे केली. त्यांतील गौहरजान यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारते, हे अनेकांना ठाऊक असते. ते नाव केवळ ऐटीसाठी नव्हते. मुद्रित मेण त्या काळी जर्मनीतील हॅनोव्हरला जाई व तेथे तबकड्या घडत. गाणारी व्यक्ती कोण, हे तिथल्या कामगारांना कळण्याचा तो सोयीचा मार्ग होता. कोलकात्यात तबकड्यांचा कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. म्हणजे ज्याला आपण आज गायनाचा भाग समजून ऐकतो, तो उच्चार वाहतुकीच्या गरजेतून आलेला आहे. संहितेत वाहकाने स्वतःची ओळ घातली, ती अशी.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत, बारा इंचीवर चारच्या आसपास. ज्या ख्यालाला मैफलीत तास लागे, त्याला तीन मिनिटांत बसवायचे होते. ही कलेची विटंबना आहे असे मानणारे गायक होते, आणि तशी तक्रार खोटीही नव्हती. परंतु सर्वांनी मैफल कापून लहान केली असे नाही. काहींनी तीन मिनिटांचा वेगळा घाट शोधला. आलाप वाढवत नेण्याऐवजी पहिल्या स्वरसमूहातच रागाची ओळख पटवायची. मुखडा लवकर बांधायचा. तान घ्यायची ती एखादीच, पण अशी की तिच्यामागची संपूर्ण मैफल ऐकणाऱ्याने कल्पनेने भरून काढावी. अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिका या दृष्टीने ऐकण्यासारख्या आहेत. त्यांत घाई नाही. तीन मिनिटे संपत आली आहेत हे गायकाला माहीत आहे, ऐकणाऱ्याला मात्र ते जाणवत नाही.

या लहानशा घाटाचे सामर्थ्य किती होते, याचा दाखला मराठी रसिकांच्या परिचयाचा आहे. गदगचा एक मुलगा अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकतो, असे गाता आले पाहिजे या ध्यासाने अकराव्या वर्षी घर सोडतो, आणि पुढे भीमसेन जोशी या नावाने ओळखला जातो. गुरूला प्रत्यक्ष पाहण्याआधी त्याच्या परंपरेचा स्वर तबकडीतून मिळणे ही संगीताच्या इतिहासातील नवी घटना होती. गुरुमुखाच्या परंपरेत वाहकाने असा प्रवेश केला.

आणखी एक तपशील आमच्या कामाचा आहे. त्या काळातील चकचकीत काळ्या तबकडीचा महत्त्वाचा घटक म्हणजे शेलॅक, अर्थात लाख. आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत होता. लाखेत दगडाची भुकटी मिसळून तबकडी टणक केली जाई. तिच्यावरून पोलादी सुई फिरताना जी अखंड खरखर येते, तिचा उगम बव्हंशी त्या मिश्रणाच्या कणांत आहे. म्हणजे जगभरच्या संगीताच्या मागे जी खरखर ऐकू येई, तिच्यात छोटा नागपूरच्या पळस-कुसुमांवरील लाखेचाही काही अंश होता.

चार चौकटींचा दिवस

आता वृत्तपत्रातील चित्रमालिकेकडे वळू. या कलेची जन्मभूमी अमेरिका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत खपासाठी जी चढाओढ चालली होती, तिच्यात रविवारची रंगीत पुरवणी हे एक शस्त्र होते. १९०५ मध्ये विन्सर मॅके यांची ‘लिटल निमो’ सुरू झाली, तेव्हा तिला वृत्तपत्राचे संपूर्ण पान मिळाले. आजच्या वाचकाने त्या पानाचा आकार डोळ्यांसमोर आणावा : दोन्ही हात पसरून धरावे लागणारे, रंगांनी भरलेले पान. १९०७ पासून ‘मट अँड जेफ’ने रोजच्या आडव्या पट्टीची सवय लावली. जॉर्ज हेरिमन यांची ‘क्रेझी कॅट’ १९१३ ते १९४४ अशी चालली. सर्वसामान्य वाचकांत ती फारशी लोकप्रिय नव्हती. मालक हर्स्ट यांना ती आवडे म्हणून टिकली. गिल्बर्ट सेल्डेस या समीक्षकाने १९२४ मध्ये तिच्यावर गंभीरपणे लिहिले. रद्दीत जाणाऱ्या चित्रांना कलाकृती म्हणून वाचण्याचा तो आरंभीच्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक होता.

‘तीन मिनिटां’ना समांतर असे बंधन येथेही आले, ते जागेचे. कागद महाग होत गेला आणि पट्ट्या लहान होत गेल्या. चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वृत्तपत्रांत सुरू झाली, ती जागा वाचवणारी पट्टी म्हणूनच विकली गेली. चारही चौकटी सारख्या आकाराच्या असाव्यात अशी अट होती. संपादकाला हव्या तशा त्या आडव्या, उभ्या किंवा दोनावर दोन अशा रचता याव्यात, हा तिचा हेतू. नावही शुल्झ यांनी निवडलेले नव्हते. वितरक संस्थेने ते लादले आणि शुल्झ यांना ते अखेरपर्यंत आवडले नाही. आपण एखाद्या कवीच्या संग्रहाचे शीर्षक त्याच्या दृष्टीची खूण म्हणून वाचतो; येथे शीर्षक विक्रेत्याचे आहे.

परंतु त्या अटीतून काय निघाले ते पाहावे. लहान चौकटीत बारीक पार्श्वभूमी मावत नाही, म्हणून शुल्झ यांनी ती जवळजवळ काढून टाकली. उरले एक मोठे डोके, थोडे गवत, एखादी भिंत. भिंतीवर कोपरे टेकून दोन मुले बोलत आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात अपयश, एकटेपणा, श्रद्धा असे प्रौढांचे विषय येत आहेत. चार सारख्या चौकटींमुळे लय आली : विधान, त्याचा विस्तार, एक नि:शब्द चौकट आणि मग अखेरचे वाक्य. ती नि:शब्द तिसरी चौकट आमच्या मते शुल्झ यांच्या कलेचा गाभा आहे. उत्तम तबल्याच्या साथीत समेआधी सोडलेली जागा जसे काम करते, तसे ती करते.

चित्रमालिका ‘पाठोपाठ वाचणे’ ही स्वतंत्र वाचनक्रिया आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. कादंबरी वाचक आपल्या गतीने वाचतो. पट्टीची गती वृत्तपत्र ठरवते. आज चार चौकटी, मग चोवीस तासांची प्रतीक्षा. फ्रँक किंग यांच्या ‘गॅसोलिन अ‍ॅली’त १४ फेब्रुवारी १९२१ रोजी दारात सापडलेले तान्हे बाळ वाचकांच्या घरातील मुलांबरोबर वर्षावर्षाने मोठे होत गेले. ‘पीनट्स’मधील मुले मोठी होत नाहीत. पण तेथेही दर शरद ऋतूत फुटबॉल ऐन वेळी उचलला जातो आणि दर हिवाळ्यात बर्फ पडतो. वाचकाच्या वर्षाला ही मालिका आपले सणवार जोडून देते. १७,८९७ पट्ट्यांनंतर शेवटची रविवारची पट्टी १३ फेब्रुवारी २००० रोजी छापली गेली. आदल्याच रात्री शुल्झ यांचे निधन झाले होते. पन्नास वर्षे चाललेली ही रचना चार-पाच दिवसांत सलग वाचून काढली, तर आशय तोच मिळेल, पण कालावधी मिळणार नाही. आणि येथे कालावधी हाच आशयाचा मोठा भाग आहे.

अनुवादाच्या वाटेने आपल्याकडे आलेल्या ली फॉक यांच्या ‘फँटम’चे उदाहरणही उद्बोधक आहे. १९३६ मध्ये सुरू झालेली ही वृत्तपत्रीय मालिका भारतात टाइम्स समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून (१९६४ ते १९९०) घरोघरी पोहोचली, आणि मराठीत ‘वेताळ’ झाली. मूळ पट्ट्या कापून पुस्तकाच्या पानांत बसवताना चौकटींची मांडणी बदलली. रोजच्या पट्टीत आदल्या दिवसाची आठवण देणारी जी चौकट आवश्यक असते, ती सलग पुस्तकात अडथळा ठरते. भारतीय आवृत्तीत वेताळाच्या देशाचे नावही ‘देंकाली’ असे बदलले गेले, कारण मूळ नाव बंगालच्या फार जवळ जाणारे होते. आम्ही लहानपणी ज्याला मूळ वेताळ समजलो, तो प्रत्यक्षात एक सुधारून घेतलेला पाठ होता.

श्रोडरची स्वरलिपी

या दोन कला एकमेकींना भेटतात असे एक ठिकाण ‘पीनट्स’मध्येच आहे. श्रोडर नावाचा मुलगा खेळण्यातल्या पियानोवर बेथोव्हन वाजवतो. त्याच्या डोक्यावर शुल्झ स्वरलिपीच्या ओळी रेखाटीत. बहुतेक वाचकांना, आम्हांलाही, त्या ओळी म्हणजे ‘येथे संगीत चालू आहे’ असे सांगणारी नक्षी वाटत आली. पण शुल्झ खऱ्या स्वरलिपीवरून त्या काळजीपूर्वक उतरवून घेत. पुढे अभ्यासकांनी कोणत्या पट्टीत कोणती रचना आहे हे ओळखले. कित्येक ठिकाणी रचनेची निवड आणि पट्टीतील विनोद यांचा संबंध आहे, असे त्यांना दिसून आले. स्वरलिपी वाचता येणाऱ्याला जो विनोद कळे, तो इतरांच्या नजरेतून निसटत होता.

यातून एक साधी गोष्ट स्पष्ट होते. ‘आशय’ आणि ‘सजावट’ यांतील रेषा वाचकाच्या तयारीनुसार सरकते. ज्याला आज आपण नक्षी, खरखर, कागदाचा पोत म्हणून बाजूला टाकतो, तेथे उद्याच्या वाचकाला अर्थ सापडू शकतो. मात्र त्यासाठी ती नक्षी शिल्लक राहिली पाहिजे.

खाचेतील आवाज

आता ध्वनीच्या गुणवत्तेच्या वादाकडे येऊ. त्यात भावनेची भर फार पडली आहे, म्हणून थोडी यंत्राची माहिती आवश्यक आहे.

१९२५ च्या सुमारास कर्ण्याऐवजी मायक्रोफोन आला आणि खर्जाचे व अतितार स्वर प्रथमच नीट नोंदले जाऊ लागले. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घवादी तबकडी, म्हणजे एल.पी., बाजारात आणली : लाखेऐवजी व्हायनिल, मिनिटाला ७८ ऐवजी ३३ १/३ फेरे, आणि अत्यंत बारीक खाच. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. रागसंगीताला याचा लाभ लवकरच झाला. १९५५ मध्ये अमेरिकेत अली अकबर खाँ यांची एल.पी. निघाली. तिच्या एकेका बाजूवर एकेक राग होता आणि प्रास्ताविक यहुदी मेन्युहिन यांनी केले होते. पुढे अमीर खाँ यांचा मारवा आणि दरबारी एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर ऐकता आले. ज्यांना मैफलीपर्यंत जाणे शक्य नव्हते, त्यांना विलंबित म्हणजे काय हे यांतूनच कळले.

तरीही एल.पी. हा आवाजाचा निर्मळ आरसा नव्हे. खर्जाचे स्वर खाचेला मोठे हेलकावे देतात आणि जागा खातात. म्हणून खाच कापताना खर्ज दाबला जातो व वरचे स्वर उचलले जातात, आणि वाजवताना यंत्र हाच हिशेब उलटा करते. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतील कंपन्यांनी यासाठी एकच प्रमाण स्वीकारले. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा होता. जुनी तबकडी नव्या प्रमाणाने वाजवली तर आवाजाचा रंगच बदलतो. दुसरी मर्यादा भूमितीची आहे. फेऱ्यांची गती कायम असल्यामुळे सुईखालून खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर वेगाने सरकते, तर आतल्या शेवटाशी जेमतेम २१. त्यामुळे बाजूच्या अखेरीस वरचे स्वर थोडे भरड होतात. रागाची द्रुत बंदिश आणि तिच्या ताना नेमक्या याच भागात येतात, ही या माध्यमाची गंमत म्हणा वा दैवगती म्हणा. तिसरी गोष्ट निःशब्दतेची. १९८२ मध्ये आलेल्या सी.डी.ची सूक्ष्म आवाज टिपण्याची क्षमता मोजमापाने एल.पी.पेक्षा निःसंशय अधिक आहे.

मग असंख्य जाणकारांना तबकडी अधिक ‘उबदार’, अधिक ‘जवळची’ का वाटते? याला एक उत्तर यंत्रापलीकडचे आहे. १९९० नंतर अनेक सी.डी. अधिकाधिक मोठ्या आवाजात वाजाव्यात म्हणून मंद आणि तीव्र यांतील अंतर दाबून तयार केल्या गेल्या. तबकडीवर तितके दाबणे सोयीचे नसते. तेव्हा तुलना बरेचदा दोन माध्यमांची नसून दोन संपादनांची असते. एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांची तुलना करून कागदाच्या जातीविषयी निष्कर्ष काढावा, तसा हा प्रकार आहे.

या बाबतीत २०२२ हे वर्ष बोधप्रद ठरले. त्या वर्षी अमेरिकेत व्हायनिलच्या सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या, तर सी.डी. सुमारे ३ कोटी ३० लाख. नगसंख्येत तबकडीने सी.डी.ला मागे टाकले ते १९८७ नंतर प्रथमच. आणि त्याच वर्षी उघड झाले की मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीच्या ज्या महागड्या तबकड्या शुद्ध अंकरहित साखळीतून आल्याचे रसिक मानत होते, त्यांतील अनेक घडवताना मध्ये एक डिजिटल टप्पा होता. त्या तबकड्यांना सर्वोत्कृष्ट म्हणून वाखाणणाऱ्या कानांना हा टप्पा जाणवला नव्हता. आम्ही हे कुणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. कान खोटे बोलले नव्हते. आवाज चांगलाच होता. कारण मात्र चुकीचे दिले गेले होते. आवड खरी आणि तिची उपपत्ती खोटी, असे साहित्याच्या आस्वादातही वारंवार घडते, हे आपण अध्यापक जाणतो.

मूळ प्रत म्हणजे कोणती?

आमच्या ग्रंथालयातला प्रसंग अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर घडून गेला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील ग्रंथालयांनी वृत्तपत्रांचे खंड सूक्ष्मपटावर उतरवले आणि मूळ खंड काढून टाकले. सूक्ष्मपट कृष्णधवल होता. रविवारच्या रंगीत पानांचे त्यावर करडे डाग झाले. ‘आशय उपलब्ध’ होता. केवळ रंग गेला होता, रेषा पुसट झाली होती. बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या एका चित्रमालिकाप्रेमी लेखकाने ग्रंथालये टाकून देत असलेले खंड गोळा करायला सुरुवात केली. व्यक्तीला ते मिळेनात, म्हणून त्याने १९६८ मध्ये संस्था स्थापन केली आणि सॅन फ्रान्सिस्कोतील स्वतःचे घर कागदाने भरून टाकले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा संग्रह ओहायो राज्य विद्यापीठाकडे गेला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ७५ टन होते. जुन्या मालिकांची जी सुंदर पुनर्मुद्रणे आज निघतात, त्यांतील कित्येकांचा आधार या टाकाऊ कागदात आहे.

आकाराचा प्रश्न तर जिवंत कलावंतालाही लढवावा लागला. बिल वॉटरसन यांची ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षे चालली. रविवारच्या पट्टीतील वरच्या चौकटी हव्या तर गाळता याव्यात, अशा रीतीने त्या आखाव्या लागत. म्हणजे पहिल्या दोन चौकटी विनोदाला अनावश्यकच असल्या पाहिजेत. वॉटरसन यांनी दीर्घ रजेनंतर १९९२ मध्ये परतताना अट घातली की त्यांची रविवारची पट्टी अखंड अर्धे पान म्हणूनच छापावी. अनेक संपादक रागावले. पण त्यानंतरच्या पानांतील मांडणीचा मोकळेपणा पाहिला, म्हणजे जागा हा लेखनाचा विषय आहे, केवळ छपाईचा नव्हे, हे कळते. शुल्झ यांनी मर्यादा स्वीकारून घाट शोधला. वॉटरसन यांनी ती नाकारून शोधला. दोघांपैकी कुणाचीही कला पट्टीच्या मापाचा उल्लेख टाळून समजावता येणार नाही.

ध्वनिमुद्रिकेतही पाठचिकित्सा लागते. ७८ फेऱ्यांची म्हणून ओळखली जाणारी आरंभीची प्रत्येक तबकडी नेमक्या ७८ च गतीने मुद्रित झालेली नाही. गतीत सहा टक्क्यांचा फरक पडला की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकतो. काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर जातो. त्यासोबत लय वाढते आणि आवाजाचे वयही बदलते. एखाद्या गायिकेचा स्वर बारीक होता असे आपण ठामपणे लिहितो, तेव्हा तो गायिकेचा होता की पुनर्मुद्रण करणाऱ्याच्या चुकीच्या गतीचा, हे तपासायला मूळ तबकडी लागते. खरखर काढून टाकणाऱ्या संगणकीय शुद्धीकरणात खरखरीबरोबर तंबोऱ्याची आस आणि श्वासही जाऊ शकतो. डिजिटल प्रत निरुपयोगी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिच्यामुळेच आमचे विद्यार्थी हे संगीत ऐकतात. परंतु ती एक वाचन आहे, आणि वाचन तपासायचे तर संहिता जवळ असावी लागते.

म्हणून ‘आशय अन्यत्र उपलब्ध’ या शेऱ्याला आमचे उत्तर असे आहे : अन्यत्र जे उपलब्ध आहे ते आजच्या प्रश्नांना पुरेसे आहे. उद्याचा वाचक कोणता प्रश्न विचारील, हे स्कॅन करणाऱ्याला ठाऊक नसते. श्रोडरच्या स्वरलिपीचा प्रश्न कितीतरी वर्षे कुणी विचारला नव्हता.

शेवटी एका तबकडीची हकीकत. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात पाठवण्यासाठी पृथ्वीवरील संगीताची निवड चालली होती. मूळच्या गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका घ्यावी, असे संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी सुचवले. पण ती बाजारात मिळेना. शोधता शोधता न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत-उपकरणांच्या दुकानात, मेजाखालच्या खोक्यात, तिच्या प्रती सापडल्या. त्या वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. त्याआधी काही दिवस दोन्ही याने निघून गेली होती. त्यांच्यावरील सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी, खाच आणि सुईसकट, आज सूर्यमालेच्या फार दूरच्या प्रदेशात आहे. तिच्यातील सर्व आशय पृथ्वीवर उपलब्ध आहे. पण तो तेथवर गेला, कारण कुणी तरी एक खोके टाकून दिले नव्हते.

आमच्या परिचयाच्या त्या ग्रंथालयातून आम्ही ध्वनिमुद्रिका मागून घेतल्या. एकशे सात निघाल्या. त्यांतील काही तडकलेल्या आहेत, काहींवरची नावे पुसली आहेत. त्यांची नोंद आम्ही सवडीने करीत आहोत. वृत्तपत्रांचे खंड मागायला गेलो, तेव्हा टेम्पो आदल्या दिवशीच येऊन गेला होता.